सोपारा टू दुबई, व्हाया बँक

दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा बंदराचा समुद्रापलीकडच्या देशांशी व्यापार चालायचा. आज त्याच गावातली मंडळी विरार लोकलमध्ये एका पायावर उभी राहून दुबईची स्वप्नं बघतात!

तर समजा, ऑफर लेटर आलंय. पार्टी द्या, नक्की द्या. पण राजीनाम्याचा मेल टाकण्याआधी आई-बाबांच्या मेडिक्लेमकडे बघा. ते कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असतील, तर सहसा तुमच्या नोकरीबरोबर त्यांचं कव्हरही संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत त्यांना नेता येईल का, हे आत्ताच विचारून घ्या. कारण कोरी नवी पॉलिसी घेतली, तर बाबांच्या जुन्या डायबेटिसला कव्हर मिळायला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

मग बँक. नोकरीसाठी परदेशी गेलात की फेमा कायद्याच्या नजरेत तुम्ही अनिवासी. साधं सेव्हिंग्ज अकाउंट एनआरओ करून घ्यावं लागतं. तिकडची कमाई पाठवायला एनआरई उघडा. त्याच्या व्याजावर इथे टॅक्स नाही, एनआरओच्या व्याजावर मात्र आहे. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतो, पुढे वाढवता येत नाही.

खरी गंमत फ्लॅटची. नालासोपाऱ्यात लोन काढून वन बीएचके घेतलाय, तो भाड्याने देऊ, हप्ता परस्पर सुटेल, असा आपला साधा हिशोब असतो. पण मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने दर महिन्याला टीडीएस कापायचा असतो, साधारण ३१.२ टक्के. दहा हजार भाडं धरलं, तर खात्यात येणार ६,८८० रुपये. रिटर्न भरल्यावर जादा कापलेले परत मिळतात, कबूल. पण बँक हप्त्यासाठी तोवर थोडीच थांबते? कमी टीडीएससाठी इन्कम टॅक्स खात्याकडून सर्टिफिकेट मिळवता येतं. सीएला आधीच गाठा.

दुबईत पगारावर इन्कम टॅक्स नाही, हे खरंय. पण घरभाडं बऱ्याचदा वर्षाचं ठरतं आणि मोजक्या चेकमध्ये आगाऊ द्यावं लागतं. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणजे रुपया घसरला की घरी पाठवलेले पैसे फुगतात, पण पहिल्या पगारापर्यंतचा खर्च इथून रुपयांत नेणार असाल, तर तीच घसरण खिशाला चावते. निदान दोन-तीन महिन्यांची सोय हवीच.

आणि एजंट? यूएईच्या कायद्यानुसार भरतीचा खर्च कंपनीने करायचा असतो, कर्मचाऱ्याकडून तो वसूल करता येत नाही. कुणी 'व्हिसाचे दीड लाख' मागितले, तर आईचे दागिने मोडण्याआधी सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर त्याचं नाव तपासा.

पॉवर ऑफ अॅटर्नी मात्र इथे असतानाच करा. तिकडून करायची म्हणजे कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट, मग कागद कुरिअरने इथे, मग पुन्हा स्टँप ड्युटी. आणि हो, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार, तेही ठरवून ठेवा.