लाल्या : औषध आणण्याआधी पान उलटून पाहा

मागच्या भागात नत्र जास्त झालं की मावा आणि तुडतुडे कसे फोफावतात ते पाहिलं. आज उलट बाजू. पीक उपाशी असतं आणि आपण त्याला रोगी समजून औषध मारत बसतो. यात पहिला मान कपाशीवरच्या लाल्याचा.

विदर्भ-मराठवाड्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास, ऐन बोंडं भरण्याच्या वेळी पऱ्हाटी तांबडी पडू लागते. धास्तावलेला शेतकरी कृषी सेवा केंद्र गाठतो आणि एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, वर एखादं टॉनिक घेऊन परततो. आता लाल्या ना बुरशीने होतो, ना विषाणूने. बुरशीनाशकाचे पैसे तर सरळ पाण्यात!

हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियम असतं. जमिनीतून ते पुरेसं मिळेना की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्या पानांना आणि बोंडांना देतं. नत्राचंही तसंच. म्हणून लाली खालच्या पानांपासून वर चढते. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग लाल होतो. संकरित वाणांत बरीच बोंडं एकदमच पोसायची असतात, त्यामुळे ओढाताण जास्त. त्यात हलकी जमीन, पाण्याचा ताण किंवा उलट साचलेलं पाणी, आणि रात्रीची थंडी. मुळं नीट चालत नाहीत, मग जमिनीत असलेलं अन्नही झाडापर्यंत पोचत नाही.

मात्र पान लाल करणारा एक खरा गुन्हेगारही आहे: तुडतुडा. तो रस शोषतो तेव्हा पानाची कड आधी पिवळी पडते, खाली वळते आणि मग लालसर होते. पान उलटून बघा. फिकट हिरवी पिल्लं शिरांच्या कडेला बसलेली असतात आणि बोट जवळ नेलं की तिरकी पळतात. शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांवर मोजा. पानामागे सरासरी दोन-तीन पिल्लं असतील तरच कीटकनाशकाचा विचार करायचा.

पिल्लं नसतील, तर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करावी. नत्रासाठी २ टक्के युरिया किंवा डीएपी, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम. डीएपी आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच पंपात मिसळू नका. साका बसतो, नोझल तुंबतं. एक गोष्ट मात्र दुकानदार सहसा सांगत नाही: पूर्ण लाल झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. फवारणी वाचवते ती वरची पानं. तेव्हा अख्खं वावर लाल होईपर्यंत थांबण्यात हशील नाही.

नको ती फवारणी केवळ खिशाला चाट लावते असंही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला.

यंदा ज्यांच्या शेतात लाल्या दिसला, त्यांनी उन्हाळ्यात माती तपासून घ्यावी आणि मॅग्नेशियम कमी निघालं तर लागवडीच्या वेळीच एकरी ८ ते १० किलो मॅग्नेशियम सल्फेट जमिनीतून द्यावं.