पंचनाम्यात न मावणारे गाव

22 जुलै 2021 रोजी संध्याकाळी महाड तालुक्यातील तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथे दरडी आल्या आणि सावित्री-गांधारीच्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. सावित्रीचा उगम महाबळेश्वरचा. तिथे 23 जुलैच्या सकाळपर्यंत चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. डोंगर आणि बाजार एकाच पाण्याने मोडले. त्यांची उभारणी मात्र आपण दोन वेगळ्या फायलींत केली. मला त्या दोन फायली शेजारी ठेवून वाचायच्या आहेत.

बाजाराची फाईल त्यातल्या त्यात सोपी. त्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने जाहीर केलेल्या मदतीत दुकानदाराला कमाल 50 हजार आणि टपरीधारकाला 10 हजार रुपये होते. रक्कम पुरेशी होती का, हा वाद वेगळा. पण धंदा बुडाला हे सरकारदरबारी मान्य झाले. दुकानाला पाटी असते, परवाना असतो, भिजलेला माल दाखवता येतो.

वाडीच्या फाईलीत मृत, घर, जनावर, पीक असे रकाने आहेत. वाडीवरचा धंदा त्यांत पुरता बसत नाही. भात, नाचणी, वरी ही पोटापुरती. रोख पैसा येतो तो थोड्या दुधातून, कोंबड्या-अंड्यांतून, पावसाळी रानभाज्यांतून, मजुरीतून आणि मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीतून. यातले बरेचसे बायकांच्या हाती असते आणि त्याला गोठा, परसू, पायवाट व शेजारीण एवढेच भांडवल लागते. दरडीत हे भांडवल जाते, पण त्याची किंमत कुणी लावत नाही. तीच वाडी महाडच्या दुकानांचे गिऱ्हाईकही असते. वाडीचा हात आखडला की बाजाराचा गल्लाही हलका होतो.

मूळ जागी परतणेही शक्य नसते. कातळावरचा माती-मुरुमाचा थर पाणी पिऊन जड होतो, आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि मातीची कातळावरची पकड सुटते. एकदा सुटलेला उतार पुन्हा भरवशाचा राहत नाही. म्हणून स्थलांतर अटळ. आणि स्थलांतर म्हटले की घर व काम यांतले अंतर वाढणार. तळीयेत घरबांधणी म्हाडाकडे गेली. दरम्यान वाचलेल्यांना लोखंडी कंटेनरांत उन्हाळे काढावे लागले. जुलै 2005च्या दरडींनंतर याच तालुक्यातल्या दासगावच्या कुटुंबांनी कित्येक वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये काढली होती. माळीणची दरड जुलै 2014ची. नवे गाव एप्रिल 2017मध्ये मिळाले. मधल्या वर्षांत माणसे जगतात कशावर, हा प्रश्न प्रत्येक वेळी उरतो.

त्याचे एक उत्तर महाराष्ट्राकडे आहे. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावे पूर्ण हलवली गेली. रुंद रस्ते, सुटे प्लॉट यांमुळे त्यांचा पसारा वाढला आणि जुना शेजार विस्कटला. पण ज्या हजाराहून अधिक गावांत घरे जागेवरच दुरुस्त करायची होती, तिथे गावातल्याच स्त्रियांना ‘संवाद सहाय्यक’ नेमले गेले. त्या कामात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’चा मोठा वाटा होता. सिमेंट किती, पैसा कुठे अडला, हे विचारायला शिकलेल्या बायकांनी पुढे बचतगट बांधले आणि गटांतून छोटे उद्योग उभे राहिले. उद्योजकता तिथे वेगळी योजना म्हणून आली नाही. घर बांधण्याचा हिशेब हातात आल्यावर ती त्यातूनच उगवली.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पंचनाम्याला दुसरे पान जोडावे: या घरात पैसा कसा येत होता, कोण आणत होते, त्यासाठी काय लागत होते. ते पान भरल्याशिवाय नव्या वसाहतीचा नकाशा मंजूर होऊ नये. गोठ्याची जागा त्या नकाशातच ठरते. पुढच्या पावसात कुठली वाडी हलवावी लागेल ते ठाऊक नाही. पान मात्र आजच छापून ठेवता येईल.