क्रोशाचें पांघरूण आणि नवे टांके

क्रोशाचें विणकाम शिकावयास घेतलेल्या घरांत कपाटाचा एक खण बहुधा असा आढळतो कीं, त्यांत चार-चार बोटें रुंदीचे दहाबारा नमुने पडलेले असतात. एक टांका शिकावा, त्याचा तुकडा करावा, तो खणांत टाकावा आणि पुढचा टांका हातीं घ्यावा, अशी ही रीत. महिन्याभरानें पहिला टांका विसरलेला असतो आणि लोकर मात्र खर्ची पडलेली असते. त्यापेक्षां एकच मोठें पांघरूण विणावयास घ्यावें, त्याच्या प्रत्येक पट्ट्यास एक नवा टांका घालावा आणि शिकतां शिकतांच थंडींत अंगावर घेण्याजोगी वस्तु तयार व्हावी, ही रीत अधिक शहाणपणाची होय. येथें चुकीची किंमत खरी असते. एक ओळ बिघडली तर सबंध पांघरूण वांकडें होतें. म्हणूनच शिकणाराचें लक्ष लागतें.

चुकीस भिण्याचें मात्र कारण नाहीं. दोन सुयांच्या विणकामांत सगळी ओळ सुईवर उभी असते. एक टांका निसटला कीं तो खालपर्यंत उसवत जातो. क्रोशांत प्रत्येक टांका पुरा झाल्यावर सुईवर एकच मोकळा फांस उरतो. सुई काढून दोरा ओढला तर आधीं शेवटचा टांका उसवतो, मग त्याच्या अलीकडचा. चूक सांपडेपर्यंत मागें जावें, मोकळ्या फांसांत पुन्हा सुई घालावी आणि पुढें चालू लागावें.

सर्वांचें मूळ साखळी. सुईवरील फांसांतून दोरा ओढून घेतला कीं एक साखळी होते. मुक्या खांबासाठीं सुई टांक्यांत घालून दोरा ओढावा आणि सुईवर होणाऱ्या दोन फांसांतून पुन्हा दोरा एकदम काढावा. खांबासाठीं आधीं सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यावयाचा. मग दोरा ओढला कीं तीन फांस होतात, ते दोन-दोन करून दोन वेळां सोडवावयाचे. तिन्ही एकदम सोडविले तर अर्धा खांब. इंग्रजी पुस्तकांवरून शिकणारांची येथें मोठी फसगत होते. ब्रिटिश पुस्तकांतील ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. त्यासच अमेरिकन पुस्तकांत ‘सिंगल’ म्हणतात. आणि अमेरिकन ‘डबल’ म्हणजे आपला पुरा खांब! पुस्तक कोठें छापलें हें न पाहतां विणावयास बसलें, तर घट्ट वीण हवी तेथें विरळ पडते आणि दोष बिचाऱ्या लोकरीस मिळतो.

पांघरुणाची रुंदी ठरवितांना थोडें अंकगणित उपयोगीं पडतें. निरनिराळ्या टांक्यांचे गट निरनिराळे असतात. कोणास दोन टांके लागतात, कोणास तीन, कोणास सहा. १२० ह्या संख्येस २, ३, ४, ५ आणि ६ ह्या सर्वांनीं भाग जातो. तिच्यांत कडेचा एक मिळवून १२१ टांके धरावे. आरंभीं १२२ साखळ्या घालून, दुसऱ्या साखळीपासून मुके खांब घातले कीं बरोबर १२१ होतात. पुढें शिंपल्यांचा पट्टा घ्यावा. पहिल्या टांक्यावर मुका खांब, मग दोन टांके सोडून एकाच टांक्यांत पांच खांब, पुन्हा दोन सोडून मुका खांब. ओळ संपते तेव्हां वीस शिंपले होतात आणि टांके पुन्हा १२१ च भरतात. आरंभाची साखळी फार घट्ट पडत असेल, तर तेवढ्यापुरती एक अंक मोठी सुई घ्यावी.

खरी परीक्षा कडेला. खांबांच्या ओळीच्या आरंभीं उंचीसाठीं तीन साखळ्या घालतात व त्यांस एक खांब मानतात. परत येतांना त्या साखळ्यांच्या माथ्यावर शेवटचा खांब घालावयाचा असतो, आणि नवशिका हमखास तेवढाच विसरतो. प्रत्येक ओळींत एक टांका गेला तर चाळीस ओळींनंतर १२१ चे ८१ उरतात, आणि पांघरुणाचें उपरणें होऊं लागतें. पहिल्या व शेवटच्या टांक्यांत रंगीत दोऱ्याची खूण बांधावी. दर ओळीस टांके मोजण्याचा कंटाळा करूं नये.

क्रोशाची कीर्ति झाली ती जाळीमुळें. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्यावर रोग पडून दुष्काळ ओढवला, तेव्हां तेथील स्त्रियांस क्रोशाची जाळी विणण्यास शिकविण्यांत आलें आणि तिच्या विक्रीवर अनेक कुटुंबांनीं दिवस काढले. परंतु जाळी शोभेस उत्तम, उबेस नव्हे. ऊब देते ती विणींत अडकून राहिलेली हवा. मोठीं भोकें असलीं कीं ती निसटते. तान्ह्या मुलाच्या पांघरुणांत तर जाळी नकोच. तींत बोटें अडकतात.

उबेसाठीं खळग्यांची वीण घ्यावी. हिच्यांत सुई टांक्याच्या माथ्यांत न घालतां खालच्या ओळींतील खांबाच्या अंगाभोंवतीं समोरून फिरवितात, म्हणजे तो खांब उठून दिसतो. सुलट बाजूस दर तिसरा खांब असा उचलावा. उलट बाजूस उरलेले दोन उचलावे. चारपांच ओळींत चौकोनी खळगे दिसूं लागतात आणि कापड जाड होतें. लोकर पुष्कळ खाते, हें खरें. शिवाय हा पट्टा शेजारच्या पट्ट्यांपेक्षां आंत ओढला जातो. त्यास थोडी मोठी सुई घ्यावी आणि दर दोन पट्ट्यांमध्यें मुक्या खांबांच्या दोन ओळी घालाव्या.

दुकानांत ‘लोकर’ म्हणून मिळते ती पुष्कळदां ॲक्रिलिकची असते. ती धुण्यास सोयीची. खऱ्या लोकरीस गरम पाणी व चोळणें सोसत नाहीं, ती आटून घट्ट होते. कोमट पाण्यांत बुडवावी, न पिळतां दाबून पाणी काढावें आणि पांघरूण सपाट पसरून सावलींत वाळवावें. दोरीवर टांगलें तर ओल्या वजनानें तें लांबतें.