विश्लेषण : ढगांआडची हवा उपग्रह कसा ‘वाचतो’?

पावसाळ्यात उपग्रहाने टिपलेला ढगांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला नाही, असा दिवस जात नाही. पण दोन-तीन दिवसांनंतरच्या पावसाचा अंदाज नुसत्या त्या फोटोवरून निघत नाही. संगणकीय मॉडेलला हवी असते आकडेवारी : कोणत्या उंचीवर तापमान किती, बाष्प किती. ती देणारे उपकरण म्हणजे ‘साउंडर’. त्याचे काम फॉरवर्ड करण्यासारखे दिसत नाही, इतकेच.

फुगे असताना उपग्रह कशाला?

मुंबई, नागपूर, पणजी अशा ठिकाणांहून हवामान खाते उपकरण बांधलेले फुगे सोडते. ते साधारण ३० किलोमीटर उंचीपर्यंतची हवा थेट मोजतात. पण कोकणात कोसळणारा पाऊस येतो अरबी समुद्रावरून. तिथे फुगे सोडणार कोण? दक्षिण गोलार्धात बहुतांश समुद्रच असल्याने तिथले अंदाज उत्तरेपेक्षा कितीतरी कच्चे असत. उपग्रहांची माहिती मॉडेलमध्ये नीट वापरता येऊ लागली आणि ही दरी जवळपास बुजली.

३६ हजार किलोमीटरवरून उंची कशी कळते?

साउंडर रडारसारखा लहरी सोडत नाही. पृथ्वी आणि हवेतून निघणारी अवरक्त (इन्फ्रारेड) उष्णता तो फक्त टिपतो. दाट धुक्यात जवळचाच दिवा दिसतो, विरळ धुक्यात लांबचाही. तसेच इथे आहे. कार्बन डायऑक्साइड १५ मायक्रॉनच्या आसपासच्या लहरी शोषतो. ज्या लहरी जास्त शोषल्या जातात, त्या फक्त वरच्या थराची खबर देतात. कमी शोषल्या जाणाऱ्या खालच्या थराची. बाष्पासाठी वेगळ्या लहरी.

२०१३ च्या इन्सॅट-३डीवर असा १९ चॅनेलचा साउंडर होता : १८ अवरक्त, एक दृश्य प्रकाशाचा. पुढे २०१६ मध्ये ३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजी ३डीएस गेला.

मात्र १८ आकड्यांवरून संपूर्ण हवेचा उभा छेद काढायचा, म्हणजे समीकरणे कमी आणि अज्ञात संख्या जास्त. इंजिनीअरिंगचे गणित भोगलेल्यांना यातली गोची लगेच कळेल. म्हणून आता अनेक मॉडेल्स उलटे चालतात. ‘माझी हवा खरी असेल, तर उपग्रहाला काय दिसायला हवे?’ याचा हिशेब मॉडेल करते आणि प्रत्यक्षातला फरक पाहून स्वतःची सुरुवातीची स्थिती दुरुस्त करते.

मग अडते कुठे?

ढगांत! अवरक्त लहरी दाट ढग भेदू शकत नाहीत. म्हणजे जुलैत, जिथली माहिती सर्वाधिक हवी, नेमके तिथेच ढगाखालचे काही दिसत नाही. मायक्रोवेव्ह साउंडर ढगांच्या आत डोकावतात. पण ते सुमारे ८०० किलोमीटरवरून ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांवर असतात. असा एक उपग्रह आपल्या डोक्यावरून दिवसात साधारण दोनदाच जातो. ३६ हजार किलोमीटरवरून तेच करायचे तर फार मोठा अँटेना लागेल.

त्यामुळे तीन दिवस आधीच्या ऑरेंज अलर्टमागे साउंडरचा हातभार असला, तरी तुमच्या तालुक्यात पुढच्या तीन तासांत काय होईल, यासाठी रडारवर आधारित ‘नाऊकास्ट’च पाहा. हवामान खात्याच्या ‘मौसम’ अ‍ॅपवर तो मिळतो.