बाळंतविडा आणि बाजार (भाग ७) : कुंची मिरवते, लंगोट राबतो

दराचं गणित आज मांडायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलते, कारण मधेच इंदूरहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न दराच्या आधी सुटायला हवा. त्या लिहितात, "कुंच्या-टोपरी लोक हौसेने घेतात. लंगोट पुढे केले की म्हणतात, याला कसले पैसे द्यायचे, घरातली जुनी साडी फाडू. मग मी लंगोट शिवणं बंद करू का?"

मुळीच नको. कुंची बंद केलीत तरी चालेल एकवेळ.

कुंचीचा हिशोब बघा. बारशाला घालतात, फोटो निघतात, फार तर देवळात जाताना एकदा घालतात आणि ती कपाटात जाते. तिचं कौतुक तुमच्या वाट्याला येतं, पण पुन्हा मागणी येत नाही. एका बाळाला दोन कुंच्या कोण घेतं? लंगोट मात्र दिवसातून दहा-बारा वेळा हातात येतो. तो आई हाताळते, आजी हाताळते, रात्री डोळे चोळत बाबाही हाताळतो. गाठ सुटली, कड उसवली, कापड टोचलं, तर त्याच क्षणी कळतं. आणि नीट बसला, धुऊन मऊ होत गेला, तर तेही रोज कळतं. तुमच्या शिवणाची एवढी परीक्षा दुसऱ्या कुठल्या कपड्यात होत नाही. माझ्याकडे परत आलेली गिऱ्हाइकं बहुतेक "तसलेच लंगोट अजून आहेत का" असं विचारतच आली आहेत.

आता जुन्या साडीचं. आजीच्या काळी हे उत्तर बिनतोड होतं. सुती नऊवारी वर्षानुवर्षं धुऊन इतकी मऊ व्हायची की नव्या कापडाला ती सर येणं शक्यच नव्हतं. पण आजच्या कपाटात जुनी म्हणून जी साडी निघते ती जॉर्जेटची, शिफॉनची नाहीतर पॉलिस्टर मिसळलेली. ती पाणी शोषत नाही, ओल त्वचेवरच ठेवते. शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून काडीने जाळून बघावा. सूत कागदासारखं जळतं आणि चिमटीत राख होतं; पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतं. हे गिऱ्हाइकासमोर करून दाखवा. वाद आपोआप मिटतो.

आणि खरंच घरात सुती लुगडं, धोतर किंवा जुनी चादर असेल, तर स्वतःचं कापड विकायचा हट्ट धरू नका. "आणून द्या, मी शिवून देते, शिवणावळ तेवढी द्या," असं सांगा. पणजीच्या लुगड्याचे लंगोट पणतवंडाला, यासारखा बाळंतविडा तुम्ही कितीही महाग कापड आणून तयार करू शकणार नाही. शिवणावळीत कापडाची गुंतवणूक नाही, माल पडून राहण्याची भीती नाही. नव्याने धंदा सुरू करणारीला यापेक्षा सुरक्षित काम मला माहीत नाही.

नवं कापड घ्यायचं तर मलमल. केंब्रिक झबल्याला चांगलं, लंगोटाला जरा घट्ट विणीचं पडतं. मांजरपाटाला पहिल्या काही धुण्यांत खरखर असते. कापड आणलं की आधी भिजवा, खळ निघेपर्यंत धुवा, वाळवा आणि मगच कात्री लावा. सुती कापड आटतं. ४४ इंच पन्हा धुतल्यावर ४२च्या आसपास उरतो. त्यात २१ इंचांचे दोन चौकोन शेजारी शेजारी बसतात. अडीच मीटर कापडात असे आठ निघतात आणि शेवटी बंदांसाठी पट्टी उरते.

चौकोन म्हटलं, त्रिकोण नाही, याकडे लक्ष द्या. बाजारात मिळणारे बरेच लंगोट चौकोन कर्णावर कापून केलेले असतात. एका चौकोनात दोन होतात, कापड वाचतं. पण त्रिकोणाची लांब बाजू, म्हणजे नेमकी कमरेला बांधायची बाजू, उरेब येते. उरेब कड ताणली की वाढते आणि चार धुण्यांत कमरेवरून ओघळायला लागते. त्यावर सरळ पट्टी लावून आवरता येतं, पण मग तिथे जाड शिवण येते आणि बाळाच्या मऊ कमरेला ती काचते. त्यापेक्षा चौकोन अखंड ठेवावा, चारी बाजूंनी बारीक दुमड घालावी आणि वापरताना कर्णावर घडी करून बांधावा. घडीमुळे दोन थर मिळतात, ताण दोघांत विभागतो. धुताना तो उलगडतो, त्यामुळे एकेरी कापड वाळतं. जुलै महिन्यात रत्नागिरीत किंवा पणजीत लंगोट वाळवलेल्या बाईला या एका गोष्टीची किंमत विचारा.

दुमड घातल्यावर चौकोन २० इंचांचा राहतो, त्याचा कर्ण २८ इंच. नवजात बाळाच्या पोटाचा घेर १२-१३ इंच धरला तरी बांधायला दोन्हीकडे सात-सात इंच मिळतात. बाळ भरलं की याच टोकांना बंद लावायचे. वेल्क्रो नको. धुण्यात त्यात दोरे अडकतात, पकड जाते आणि त्याची खरखरीत कड मांडीला लागते. शिवाय गाठ एका हाताने सुटते. शी-शूला पायांवर धरणाऱ्या आज्यांना हा वेग लागतोच. (बाळाला पायांवर घेऊन "शू शू" करायची आपली ही पद्धत अमेरिकेत आता पुस्तकं लिहून शिकवतात. आपल्या आज्या ती फुकट शिकवतात, म्हणून आपण ऐकत नाही.)

नाळ पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांधायचा, म्हणजे तिथे हवा लागते आणि ओल लागत नाही. नाळ साधारण एक ते तीन आठवड्यांत पडते. पाय बेडकासारखे मोकळे राहिले पाहिजेत; बाळाचे पाय सरळ ताणून आवळून गुंडाळणं खुब्याच्या सांध्याला वाईट. हे दोन-तीन मुद्दे एका चिठ्ठीवर छापून गठ्ठ्यात घाला. पहिलटकरणीला त्याचा आधार वाटतो, आणि चिठ्ठीखाली तुमचा फोन नंबर असतो.

रंगाचं मागे एकदा विचारलं गेलं होतं, ते इथेच उरकते. लंगोटाला रंग नको. माझ्या ओळखीतल्या एकीने नैसर्गिक रंग म्हणून हळदीत रंगवलेले लंगोट विकले. पहिल्याच धुण्याला साबण लागताच ते लालभडक झाले. बाळाला रक्त पडलं असं वाटून ते घर हादरलं. हळद अल्कलीत लाल होते, शाळेत प्रयोग केलेला असतो, पण पहाटे चार वाजता तो कोणाला आठवणार? शिवाय हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. "नैसर्गिक" या शब्दावर विकायचं तर निसर्ग काय काय करतो ते आधी माहीत हवं. तीच गोष्ट "सेंद्रिय"ची. सेंद्रिय कापसाचं कापड म्हणायचं तर गॉट्ससारखं प्रमाणपत्र असलेल्या गिरणीचा कागद हाती हवा. नसेल तर चिठ्ठीवर "धुतलेली सुती मलमल" एवढंच लिहा. तेवढं पुरतं.

धुण्याबद्दल माझी मतं ठाम आहेत. रिठा रेशमाला आणि लोकरीला उत्तम, लंगोटाला साधा साबण बरा. कपडे मऊ करणारी ती सुगंधी द्रावणं अजिबात नकोत, त्यांचा थर धाग्यावर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं. जंतुनाशकाचं बूच शेवटच्या पाण्यात ओतायची सवयही सोडा. ते कापडात राहतं आणि त्वचा चरचरते. शीचा पिवळा डाग ओल्या कापडावर कडक ऊन पडलं की उडतो.

यानंतरचं मात्र कृपया मोठ्याने वाचून घरच्यांना ऐकवा. बाळंतविडा ट्रंकेत ठेवताना त्यात डांबर गोळ्या टाकू नका. त्यांत बहुधा नॅफ्थलीन असतं. जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत त्याच्या नुसत्या वाफेनेही तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. ही कमतरता मुलग्यांत जास्त आढळते, आणि बाळ बघून ती ओळखू येत नाही. मोठ्या भावंडाचे जपून ठेवलेले कपडे काढून तसेच धाकट्याला घालणं यात हाच धोका आहे. कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा. प्रदर्शनात कोणी विचारलं, "गोळ्यांचा वास का येत नाही, माल जुना आहे का?" तर हे सगळं सांगा. ऐकणारी बाई विसरत नाही.

आता खपाचं. डायपरवर तोंडसुख घेऊन लंगोट विकू नका. रात्री आणि प्रवासात बहुतेक घरं डायपर लावणारच; त्यांना अपराधी वाटायला लावलंत तर ती तुमच्याकडून कुंचीसुद्धा घेणार नाहीत. दिवसा घरात लंगोट, एवढंच मागणं मागा.

भीमथडी जत्रेत किंवा महालक्ष्मी सरसमध्ये गाळा मिळाला तर जरूर घ्या, पण लंगोटाचा खप तिथे ठरत नाही. तो ठरतो बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या मावशींच्या तोंडून. रोज सकाळी चार-पाच घरांत त्या जातात आणि त्यांचा शब्द डॉक्टरांच्या खालोखाल चालतो. गावातल्या अशा मावशी शोधा आणि त्यांना अर्धा डझन लंगोट वापरून बघायला द्या. कमिशन मात्र देऊ नका. पैसे घेऊन केलेली शिफारस घरच्या लोकांना दोन दिवसांत कळते आणि मावशींचंही नाव जातं. त्या खोड काढतील, ती ऐकून घ्या. लंगोटाची माप-गाठ त्यांच्याइतकी कोणाला कळत नाही.

दुसरं, बऱ्याच घरांत बाळ होण्याआधी काही विकत आणत नाहीत. त्या रीतीवर भाषण देऊ नका, तिच्यातून वाट काढा. डोहाळजेवणाच्या सुमारास मागणी नोंदवून घ्या आणि गठ्ठा धुऊन, इस्त्री करून तुमच्याच घरी ठेवा. बाळ झाल्याचा फोन आला की पोचवा, पैसे तेव्हाच घ्या. कुंची बारशाला, बाराव्या दिवशी लागते; लंगोट पहिल्या तासापासून लागतो. दवाखान्यात वेळेवर पोचलेल्या गठ्ठ्याचं नाव सासर-माहेर दोन्हीकडे निघतं.

इंदूरच्या भगिनींना म्हणून उत्तर असं: लंगोट शिवा, आठाच्या गठ्ठ्यात विका, सुटा देऊ नका. किती रुपयांना, ते पुढच्या आठवड्यात. त्याआधी सगळ्यांनीच एक काम करून ठेवा. एक लंगोट कापण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत किती मिनिटं घेतो, ते घड्याळ लावून लिहा, आणि कापड आधी धुण्या-वाळवण्याचा वेळ त्यात धरायला विसरू नका. तो आकडा हाती नसेल तर पुढचा भाग वाचून उपयोग होणार नाही.