हॉटेलच्या बोळात घडलेला अल्बम
डीप पर्पल या ब्रिटिश हार्ड रॉक बँडचा ‘मशीन हेड’ १९७२मध्ये ब्रिटनच्या अल्बम-यादीत पहिला आला. त्याचं श्रेय सहसा ‘स्मोक ऑन द वॉटर’ला मिळतं, पण ते गाणं सिंगल म्हणून १९७३मध्ये निघालं, अल्बम अव्वल ठरल्यानंतर. माझ्या मते मोठा वाटा ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीचा आहे. ४ डिसेंबर १९७१ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो फ्रँक झॅपाच्या मैफलीत लागलेल्या आगीत भस्मसात झाला आणि बँडची ठरलेली जागाच गेली. मग हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात गाद्या लावून, रोलिंग स्टोन्सचा गाडीतला फिरता स्टुडिओ बाहेर उभा करून काम झालं. त्या गाडीपर्यंतची वाट इतकी अडचणीची होती, की वादकांनी प्रत्येक टेक ऐकायला जाणं सोडलं. वादनातला जिवंतपणा त्यामुळेच टिकला.

अल्बममधलं ‘हायवे स्टार’ हे गाणं तर आधीच मंचावर वाजत होतं, मग जागेचं महत्त्व ते काय, असा आक्षेप घेता येईल. पण तयार गाणंही स्टुडिओत घोटून घोटून निर्जीव होतं. बँडचा आधीचा अल्बम ‘फायरबॉल’ही अव्वल ठरला होता, मात्र तो दौऱ्यांच्या फटीत तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित झाला, ‘मशीन हेड’ अवघ्या दोन-अडीच आठवड्यांत.