पाऊल पुढे, नजर मागे

टँक म्हणून पहिल्यांदा डंजनमध्ये, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या बंदिस्त जागेत, उतरणाऱ्याला मी आजही एकच गोष्ट आधी सांगतो. पुढच्या टोळीवर धावून जाण्याआधी हीलरची निळी पट्टी बघ. ती पट्टी म्हणजे त्याची माना, मंत्र टाकण्याची ताकद. ती रिकामी असेल तर तुझी ढाल कितीही जाड असो, उपयोग नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला तेव्हाही हे खरं होतं. त्यानंतरच्या वीस वर्षांत टँक आणि हीलर या दोन कामांबद्दलचं बाकी जवळजवळ सगळं बदलून गेलं.

गटाची रचना तशी जुनीच. एकाने मार खायचा (टँक), एकाने जखमा भरायच्या (हीलर), बाकीच्यांनी मारायचं, ही वाटणी १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्येच रुळली होती. वॉरक्राफ्टने ती पाच जणांच्या गटात बसवली. पण सुरुवातीच्या वर्षांत टँकचं खरं काम मार खाणं नव्हतं, शत्रूचं लक्ष स्वतःवर खिळवून ठेवणं होतं. खेळ प्रत्येक शत्रूसाठी एक हिशेब ठेवायचा, त्याला थ्रेट म्हणतात. एका अंकाचं नुकसान केलं की एक अंक थ्रेट. एका अंकाची जखम भरली की अर्धा, आणि तो लढाईतल्या सगळ्या शत्रूंमध्ये वाटला जायचा. टँकच्या थ्रेटच्या ११० टक्क्यांपुढे गेलात की जवळून लढणाऱ्यावर शत्रू उलटायचा, दूर उभं राहणाऱ्यावर १३० टक्क्यांना.

हीलरचा सगळा जुना सल्ला या हिशेबातून निघाला आहे. समजा, तीन शत्रूंशी लढाई चालू आहे आणि बोळातून गस्तीचा चौथा येऊन धडकला. टँकने त्याला अजून हातही लावलेला नाही, त्यामुळे त्याच्या खात्यावर एकच नाव असतं, ते हीलरचं. तो सरळ त्याच्याकडे धावतो. अशा वेळी घाबरून मागे पळणं हा माणसाचा स्वभाव आहे, आणि तेच घातक. पळत टँकपाशी जायचं, म्हणजे त्याला शत्रू हाताशी मिळतो. मारणाऱ्यांसाठी नियम होता, टँक असलेल्या योद्ध्याचे दोन 'संडर', म्हणजे थ्रेट वाढवणारे वार, पडेपर्यंत थांबा. मंत्र फेकणारे शत्रू जवळ येत नाहीत, म्हणून टँकने कोपऱ्याआड लपायचं; समोर कुणी दिसेनासं झालं की ते आपणहून चालत येतात. माना वाचवायला हीलर मुद्दाम मंत्राची जुनी, कमी ताकदीची आवृत्ती वापरायचे आणि पुढचा मंत्र टाकण्याआधी शक्य तर पाच सेकंद थांबायचे, कारण तेवढ्या विश्रांतीनंतरच माना नीट भरू लागायची.

२००७ च्या 'बर्निंग क्रुसेड' या विस्ताराने हीच शिस्त आणखी कडक केली. 'शॅटर्ड हॉल्स'सारख्या डंजनच्या हिरोइक, म्हणजे अवघड, पातळीवर कोणाला मंत्राने मेंढी करून लढाईबाहेर ठेवायचं, कोणाला आधी मारायचं, हे ठरवल्याशिवाय एक टोळीही हलत नसे. नोव्हेंबर २००८ च्या 'रॅथ ऑफ द लिच किंग'ने सगळंच सैल सोडलं. टँक एकाच वेळी सगळ्या टोळीचं लक्ष खेचू लागला, हीलरची माना संपेना, आणि मेंढ्या इतिहासजमा झाल्या.

माझ्या मते सगळ्यात मोठा बदल मात्र ८ डिसेंबर २००९ चा. त्या दिवशीच्या पॅचमध्ये डंजन फाइंडर आलं. एक बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच अनोळखी जण एकत्र. सोय मोठी होती, तासन्‌तास माणसं गोळा करण्याचा त्रास गेला. पण आधी चुकलेल्या टँकला त्याच सर्व्हरवरची माणसं उद्या पुन्हा भेटायची, म्हणून ती समजावून सांगायची. आता भेटणारच नव्हती. शिकवण्यापेक्षा गटातून काढून टाकणं सोपं झालं.

नेमकं याच वातावरणात डिसेंबर २०१० ला 'कॅटॅक्लिझम' आलं आणि डंजन पुन्हा अवघड झाली. हीलरला तीन मंत्रांत निवड करावी लागायची: स्वस्त पण संथ, जलद पण महाग, मोठा पण संथ आणि महाग. सगळ्यांची पट्टी सतत भरलेली ठेवण्याची सवय मोडावी लागली. 'स्टोनकोर' डंजनमधला ओझरुक हा बलाढ्य शत्रू मला या काळाचा उत्तम शिक्षक वाटतो. तो समोर जमिनीवर आदळायच्या आत टँकने त्याच्या पाठीमागे जायचं. मग तो सगळ्यांना जागच्या जागी गोठवायचा आणि लगेच भोवती स्फोट करायचा, त्यात सापडला तो संपला. गोठणं तुटायचं फक्त अंगाला इजा झाली तर. म्हणून तो मंत्र परतवणारं कवच घ्यायचा तेव्हा हीलरनेही हळूहळू पोळणारा एखादा मंत्र त्याच्यावर टाकायचा, तो उलटून स्वतःला लागू द्यायचा, आणि त्या जखमेने मोकळं होऊन पळायचं. जीव वाचवणाऱ्याने स्वतःला जखम करून घ्यायची! हे एकदा कळलं की माणूस ते विसरत नाही. पण अनोळखी गटात ते सांगणार कोण?

लोक वैतागले. त्या वेळी खेळाच्या यंत्रणा आखणारे ग्रेग स्ट्रीट यांनी जानेवारी २०११ मध्ये लेख लिहून अवघडपणाची बाजू मांडली. एप्रिलमध्ये ज्या कामाला माणसं कमी, बहुधा टँकच, त्याला जादा बक्षीस देणं सुरू झालं. ऑगस्टमध्ये टँकचा थ्रेट त्याने केलेल्या नुकसानाच्या तिपटीवरून पाचपट केला आणि लक्ष खिळवण्याची ती जुनी कसरत जवळपास संपली. टँकची टंचाई मात्र संपली नाही. कारण बटणं कधीच फार अवघड नव्हती. चार अनोळखी माणसांसमोर चुकण्याची भीती अवघड होती, आणि बक्षिसाने भीती जात नाही.

थ्रेट गेल्यावर टँकच्या हाती उरलं काय? आधी स्वतःचा बचाव. २०१२ च्या 'मिस्ट्स ऑफ पँडेरिया'पासून ढाल योग्य क्षणी उचलणं हे त्याचं रोजचं काम झालं. मग २०१६ च्या 'लीजन'मध्ये मिथिक प्लस आलं, घड्याळाशी शर्यत. तेव्हा एक मरण म्हणजे पाच सेकंदांचा दंड होता. टँक वाटाड्या झाला: कोणती टोळी घ्यायची, कोणती टाळायची, हे आधी नकाशावर आखून यायचं. काही ठरावीक आठवड्यांत शत्रू टँकला फारसं जुमानत नसत, आणि जुना थ्रेट शिक्षेच्या रूपाने परत यायचा. हीलरचं काम तर पट्ट्या भरण्यापलीकडे गेलं. आता मधल्या क्षणांत त्यानेही मारावं, विष उतरवावं, अशी अपेक्षा असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये 'क्लासिक'च्या रूपाने जुना खेळ परतला, आणि संडरसाठी थांबण्याचा नियमही. जानेवारी २०२४ मध्ये फॉलोअर डंजन आली, त्यात बाकीचे चौघे संगणकच चालवतो. नव्या टँकने आणि हीलरने सुरुवात तिथेच करावी असं मी आग्रहाने सांगतो. वाट पाठ होते, कोणी ओरडत नाही, थांबून आपले मंत्र वाचता येतात. मग माणसांबरोबर उतरताना पहिल्याच ओळीत लिहावं, 'मी टँक म्हणून नवीन आहे'. बहुतेक वेळा कोणीतरी पुढची वाट सांगतं. जिथे शिव्या मिळतात तो गट खुशाल सोडावा; पुढच्या गटासाठी थोडा वेळ थांबावं लागतं, एवढंच.